‘दुखेल’ म्हणणाऱ्या वाघमारे सिस्टर

वाघमारे सिस्टरांची आणि माझी ओळख भांडणानं झाली. म्हणजे भांडले मी. त्या नुसत्या खरं बोलल्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकतीच भूल देणारी डॉक्टर म्हणून बाहेर पडले होते. वाशीत बिऱ्हाड केलं होतं आणि मास्क, नळ्या, औषधं भरलेली एक जाडजूड पिशवी खांद्याला लावून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये हिंडत होते. माणसांना झोपवणं हा माझा धंदा. डॉक्टर सामंतांचं नर्सिंग होम त्यातलं पहिलं. एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर तपासणीची खोली आणि ऑपरेशन थिएटर, वरच्या मजल्यावर मोजक्या खाटा, आणि जिन्याजवळच्या व्हरांड्यात नातेवाइकांसाठी एक लाकडी बाक. शनिवारी मुंबईहून खाडीपूल ओलांडून लहान मुलांचे सर्जन यायचे. त्यांच्या केसेस बहुतेक एकाच जातीच्या. कुणाची पुढची कातडी चिकटलेली, कुणाच्या अंडकोशात पाणी झालेलं, कुणाची एक गोटी वरच राहिलेली. ऑपरेशन छोटं, पण जागा अशी की घरातली मोठी माणसं तिचं नावसुद्धा घेत नाहीत.

माझा पहिला पेशंट होता चारेक वर्षांचा मुलगा. टेबलावर आडवा केलेला. मी त्याच्यावर वाकून, डॉक्टर लोक लहान मुलांशी बोलताना काढतात तो गोडमिट्ट आवाज काढला आणि म्हटलं, “आता किनई मज्जा येणार आहे. या फुग्याचा वास घ्यायचा आणि गाई करायची. काहीसुद्धा दुखणार नाही हं.”

माझ्या पाठीमागून आवाज आला, “उठल्यावर दुखेल.”

मुलगा रडला नाही. त्यानं माझ्याकडे, वजनात मारणाऱ्या वाण्याकडे बघावं तसं बघितलं आणि मान वळवून मागच्या बाईंना विचारलं, “किती?”

“काल सांगितलं तेवढंच.”

त्यानं मान हलवली आणि माझ्या हातातला काळा रबरी मास्क स्वतःच तोंडाजवळ ओढला.

ऑपरेशन आटोपल्यावर मी त्यांना गाठलं. त्या काचेच्या सिरिंजा उकळायला टाकत होत्या. मी म्हटलं, “सिस्टर, भूल देताना मूल शांत हवं असतं. ऐन वेळी असं काही बोलत जाऊ नका.” त्यांनी चिमट्यानं एक सिरिंज उचलली, उजेडात धरून बघितली आणि परत टाकली.

“डॉक्टर, तुमी आता जाल दुसऱ्या केसला. उठल्यावर ते पोरगं माझ्याकडं बघणार. मी काय सांगू त्याला? मॅडम खोटं बोलल्या म्हणून सांगू?”

त्यांचं खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

सिस्टर दिसायला अगदी कोरड्या. उंच, हाडाच्या, केसांचा घट्ट अंबाडा, पांढऱ्या साडीची इस्त्री संध्याकाळपर्यंत न मोडणारी. परभणीकडच्या एका खेड्यातल्या. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं नोकरी करून नव्या गावात स्वतःचं घर घ्यायचं म्हणून पुलाच्या अलीकडे आलेल्या. बोलण्यात मुंबई आली होती, पण कुणाची कीव आली की ‘रडायलास कशाला?’ असं त्यांचं मूळ गाव मध्येच डोकं वर काढायचं. मुलांचे लाड त्या करत नसत. गोळी-चॉकलेट देत नसत, गालाला हात लावत नसत. ज्या मुलांना त्यांनी एवढं सांभाळलं त्यांतल्या एकाही मुलानं त्यांना ‘मावशी’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. मुलं त्यांना सिस्टरच म्हणत, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं ऐकत.

त्यांचं खरं काम शनिवारी नसे, शुक्रवारी दुपारी असे. शनिवारच्या प्रत्येक मुलाला आदल्या दुपारी आणायचंच, हा त्यांनी सामंतांच्या गळी उतरवलेला नियम. आई-बाप बाहेर बाकावर आणि मूल आत, एकटं त्यांच्याबरोबर. आयांना हे मुळीच मानवत नसे. “अहो, तो माझ्याशिवाय राहत नाही,” असं म्हणत त्या दाराशी घुटमळत. सिस्टर म्हणत, “उद्या टेबलावर त्याला तुमच्याशिवायच राहायचंय. आज सवय होऊ द्या. तुमी बाकावर बसा.” आणि दार लोटून घेत.

आत काय चालायचं ते मी एका शुक्रवारी कपाट लावायच्या निमित्तानं ऐकलं. सिस्टर स्टुलावर, मुलगा खाटेवर पाय हलवत. त्यांनी त्याला मास्क हातात दिला. हुंगून बघ म्हणाल्या. घाण वास येतो म्हणाला, तर “येतोच” म्हणाल्या. मग सरळ सांगायला लागल्या. उद्या सकाळी खायला मिळणार नाही, पाणीसुद्धा नाही. भूक लागेल. दंडावर एक सुई टोचतील, ती दुखेल. मग हा मास्क. मग झोप. झोपेत डॉक्टर तुझ्या शूच्या जागेवर छोटं ऑपरेशन करणार, ते तुला कळणार नाही. उठल्यावर दुखेल. शू करताना आग होईल. गुडघा फुटल्यावर पाणी लागलं की होते ना, तशी, त्याहून थोडी जास्त. रडायचं तर रड, मी गप्प बस म्हणणार नाही. रोज थोडं थोडं कमी होत जाईल.

“आणि ते... कापून नाय ना टाकणार?” मुलगा अगदी हळू म्हणाला. प्रत्येक मुलगा हे विचारायचाच. कुणी लगेच, कुणी निघताना दारात वळून.

“नाही. आहे ते सगळं राहणार. पट्टी असेल, पट्टीच्या आत सगळं जागच्या जागी. उठल्यावर तू स्वतः चादरीखाली बघ.”

आणि शेवटी एक वाक्य: “झोपताना मी दिसेन, उठशील तेव्हापण मीच दिसेन.”

हे वाक्य म्हणजे त्यांचा शब्द. एरवी अर्धा तास थांबा म्हटलं तरी कपाळाला आठी घालणाऱ्या सिस्टर, ड्युटी संपून गेली तरी त्या मुलाच्या खाटेशी स्टूल ओढून बसलेल्या असायच्या. हातात विणकाम नाही, पेपर नाही. तळवे गुडघ्यांवर ठेवून नुसत्या बसलेल्या. मुलानं डोळे उघडले की चादरीचं टोक त्याच्या हातात द्यायच्या, तोंड दुसरीकडे करायच्या आणि विचारायच्या, “आहे ना?” आतून “हां” आलं की उठून घरी.

ही भीती मुलांच्या डोक्यात कुठून येते याचं मला नवल वाटायचं. सिस्टरांना वाटत नसे. त्या म्हणायच्या, घरोघरी कुणीतरी एक गमत्या माणूस असतोच. मुलगा चड्डी न घालता घरभर पळाला की तो ओरडतो, ‘आण रे ती कात्री.’ सगळे हसतात. पोरगंही हसतं. आणि मग एक दिवस त्याला खरंच दवाखान्यात आणतात.

मंदार नावाचा एक मुलगा असाच आला होता. दादरहून नव्यानं वाशीला राहायला आलेलं कुटुंब. बाकावर आई, बाबा, मामा आणि मध्ये दोन्ही मुठींत चड्डीची कंबर आवळून बसलेला मंदार. तपासताना त्यानं सामंतांचा हात चावला होता. सिस्टर त्याला आत घेऊन गेल्या, बऱ्याच वेळानं दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मामा कोण?”

मामा बँकेत होता, सफारी सूट घालणारा, गप्पिष्ट. तो हसतच उठला.

“आत या. त्याला सांगा, मी खोटं बोललो म्हणून.”

“अहो सिस्टर, गंमत होती ती. आम्ही आपलं त्याला चिडवायला...”

“गंमत तुमची झाली. त्याची नाही झाली.”

तेवढा मोठा माणूस खाटेसमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “मंदार, मी खोटं बोललो. कुणी कापून वगैरे टाकणार नाही.” मंदारनं त्याच्याकडे बघितलं, मग सिस्टरांकडे, मग परत मामाकडे. “आईशप्पथ?” मामा म्हणाला, “आईशप्पथ.” मंदारनं एक मूठ सोडली. दुसरी त्यानं सोडली ती शनिवारी, चादरीखाली स्वतः बघितल्यावर.

सगळे गेल्यावर मी सिस्टरांना म्हटलं, बिचाऱ्या मामाची चांगलीच जिरवलीत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मोठ्यांशी खोटं बोला एक वेळ. ते फेडून टाकतात. पोरं ठेवून घेतात.”

पण माझं भांडण खऱ्या अर्थानं मिटलं ते घणसोलीच्या हरेशमुळे. गावठाणातलं घर, बापाची कंपनीत नोकरी, आणि घरात सत्ता आजीची. शनिवारी सकाळी सगळं गणगोत आलं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाही ना? बाप म्हणाला नाही, आई म्हणाली नाही. आजीनं तर हात वर करून सांगितलं, “पान्याचा थेंब नाय दिला बाय.” मी निर्धास्त होऊन मशीन लावायला गेले.

सिस्टर मुलाला कपडे बदलायला घेऊन गेल्या आणि सहज त्याला म्हणाल्या, “भूक लागली का?”

“नाय.”

सिस्टर थांबल्या. रात्रीपासून उपाशी असलेलं पोर आणि भूक नाही? त्यांनी त्याला खाटेवर बसवलं. “मी काल तुला सगळं खरं सांगितलं का?” तो म्हणाला, “हां.” “मग आता तुझी पाळी.”

हरेशनं दाराकडे बघितलं आणि सांगून टाकलं. “आजीनी भाकर दिली. चायमदी बुडवून.”

मुंबईचे सर्जन हात धुऊन तयार होते, त्यांचा पारा चढला. बाप आईवर ओरडला, आई रडायला लागली. आजी मात्र बाकावरून उठली ती पदर खोचूनच. “मंग काय करू? पोराला कापाय न्यायचा नि उपाशी न्यायचा? असा कोन करतं? दुश्मनाला बी भाकर देतान.” तिचं काय चुकलं होतं? घरातून कुणी कठीण कामाला निघालं तर भरल्या पोटी निघावं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं आयुष्यभर शेतावर, मिठागरावर माणसं तशीच पाठवली होती.

मी मात्र थिएटरातल्या स्टुलावर मटकन बसले. भरल्या पोटी मास्क लावला असता, तर ती भाकरी वर येऊन त्याच्या छातीत गेली असती आणि मग काय झालं असतं ते मला माहीत होतं. सिस्टर आजीसमोर उकिडव्या बसल्या आणि तेही त्यांनी तसंच सांगितलं, कुठे मऊ न करता. “आजी, तुमचा जीव तुटतो ते कळतं मला. पण भरल्या पोटी झोपवलं की ओकारी छातीत जाते आणि पोरगं हाताला लागत नाही. तसं झालं असतं.” आजीनं खोचलेला पदर सोडला. मग बाकावर न बसता भिंतीला टेकून खालीच बसली.

पुढच्या शनिवारी हरेश आला तो कोरड्या ओठांचा आणि कडकडून भुकेला. बरोबर आजी, तिचाही चेहरा उतरलेला. “मी बी काय नाय खाल्ला,” ती सिस्टरांना म्हणाली. “तो उपाशी तर मी बी.” ऑपरेशन नीट पार पडलं. घरी जाताना तिनं सिस्टरांसाठी केळीच्या पानात बांधून आणलेली सुकट त्यांच्या हातात ठेवली. कुणी प्रेमानं काही दिलं तर माणूस घेतो. सिस्टर म्हणाल्या, “मी खात नाही. वास सहन होत नाही मला.” आजीनं ती पुडी सिस्टरांच्या हातातून काढून माझ्या पिशवीत घातली आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली.

हे असं होतं. मुलांच्या बाबतीत ज्याचं कौतुक करावं, तेच मोठ्यांच्या बाबतीत अंगावर यायचं. सामंतांच्या बायकोनं नवे पडदे लावले आणि हौसेनं विचारलं, कसे वाटतात? “डोळ्यांना त्रास होतो.” शेजारणीनं मुलीचं गाणं ऐकायला बोलावलं, तर गाणं संपल्यावर “आवाज नाही तिला, पण पाठांतर चांगलं आहे.” हळूहळू लोकांनी त्यांना काही विचारायचंच सोडलं, आणि विचारायचं सोडलं की बोलवायचंही सुटतं. ड्युटीवरच्या इतर मुली चहाला एकत्र बसत. सिस्टर आपला कप घेऊन खिडकीशी उभ्या. मीसुद्धा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची ती जरा जपूनच. त्यांना याचं वाईट वाटत असणार. वाटत नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत न म्हणण्याला अर्थ होता.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांना ताप होता आणि सामंतांनी औषध पाठवलं होतं. वाशीच्या टोकाला, पुढे चिखल आणि खारफुटी, अशी चार मजली इमारत. बहुतेक फ्लॅट विकले गेलेले आणि कुलूपबंद. मालक मुंबईत, भाव वाढायची वाट बघत. सिस्टरांच्या जिन्यावर माणूस राहायचं ते एका त्यांच्याच घरात. खाडीवरून वारा सुटला की जिन्याची एखादी खिडकी धाडधाड आपटायला लागे. मी पोचले तेव्हा अंगात ताप असताना सिस्टर वरच्या मजल्यावर खिडकीची कडी सुतळीनं बांधत होत्या.

“कुणी राहत नाही तर कशाला बांधताय?” मी म्हटलं.

“मी राहते ना.”

घर लख्ख होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटात काचेच्या बशांचा सेट, अजून किमतीच्या कागदासकट. आतल्या खोलीत एक खाट, तिच्यावर इस्त्रीची चादर, उशाशी टेबलफॅन. ती खाट त्यांच्या मुलाची, मिलिंदची. तो औरंगाबादला कारखान्यात नोकरीला होता. इथे आजवर मोजून दोनदा आला होता. “इथं संध्याकाळी कंपन्यांचा वास येतो म्हणतो,” सिस्टर म्हणाल्या. “येतोच वास. खोटं नाही बोलत तो.”

त्यांनी चहा केला, खूप गोड. आणि न विचारता सांगितलं. मिलिंद पाच वर्षांचा असताना त्याचंही ऑपरेशन झालं होतं. गोटी उतरली नव्हती. त्या नोकरीला होत्या त्याच इस्पितळात. आत नेताना त्यांनी त्याला सांगितलं, डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन. मग तिकडे वॉर्डात अपघाताच्या केसेस एकदम आल्या, मेट्रननं बोलावणं पाठवलं, आणि त्या गेल्या. परत आल्या तेव्हा मिलिंद ओरडून ओरडून घसा बसून गप्प पडला होता. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. “त्याच्या आधी मी ड्युटीवर निघाले की दारात येऊन विचारायचा, कधी येशील? त्याच्यानंतर विचारलं नाही.” पुढे नवरा वारला, रात्रपाळ्या चुकेनात, आणि मुलाला शाळेसाठी औरंगाबादला नणंदेकडे ठेवावं लागलं. तो तिथेच मोठा झाला.

मला विचाराल तर मूल असं तासाभरात दुरावत नाही. दुरावलं असेल तर ते नणंदेकडे ठेवल्यामुळे, सणावारी भेटल्यामुळे. मी तसं बोललेही. सिस्टरांनी बशीतला चहा संपवला. “असेल,” त्या म्हणाल्या. “पण नणंदेकडं ठेवताना मी त्याला खरं सांगितलं होतं. त्याचं वाईट वाटलं असेल त्याला. खोटं ते एकच.” मग उठून त्यांनी त्या रिकाम्या खाटेवरची, न मोडलेली चादर पुन्हा एकदा सारखी केली.

आणखी काही वर्षं गेली. इमारती भरत चालल्या, माझी पिशवी जाऊन स्कूटर आली. आणि सिस्टरांच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेना. गर्भाची पिशवी काढायला हवी, सामंत म्हणाले. ऑपरेशन आमच्याच नर्सिंग होममध्ये करायचं ठरलं, भूल मी द्यायची. एक दिवस आधी सिस्टर सामंतांच्या टेबलावरच्या फोनवरून औरंगाबादला बोलल्या. मी समोर बसले होते. तारीख सांगितली, वेळ सांगितली. पलीकडचं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?”

“बघतो म्हणाला. सुट्टीचं नक्की नाही.” आणि थोड्या वेळानं, “येतो म्हणाला नाही. बरं झालं. येतो म्हणून नाही आला असता तर?”

पण तिन्हीसांजेपासून त्यांची नजर जिन्याकडे होती, हे सगळ्यांनी बघितलं. पाव्हण्यासाठी त्यांनी आयाला सांगून खाटेशेजारी स्टूलही ठेवून घेतलं होतं.

सकाळी टेबलावर त्यांना मास्क दाखवला तेव्हा मला माझी पहिली केस आठवली. त्यांनाही आठवली असावी, कारण ओठ किंचित हलले. मी म्हणणार होते, सिस्टर, उठाल तेव्हा मी असेन. तोंडापर्यंत आलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“तुमची बेलापूरला केस आहे दुपारी. काही बोलू नका.”

मी मास्क खाली आणला. त्यांनी डोळे मिटायच्या आधी एकदा दाराकडे बघितलं.

ऑपरेशन लांबलं, पण नीट झालं. वर खाटेवर आणल्यावर मी बेलापूरच्या डॉक्टरांना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग त्या स्टुलावर बसले. हातात काही घ्यावंसं वाटेना. तळवे गुडघ्यांवर ठेवून बसले. खाली कुणाचीही पावलं वाजली की मीच जिन्याकडे बघायची.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. आधी स्टुलाकडे बघितलं. माझा चेहरा ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

“तुमी म्हणाला नव्हता,” त्या पुटपुटल्या. “असेन म्हणून.”

“नव्हते म्हणाले.”

“आला का?”

अर्ध्या गुंगीतला पेशंट. वाटेत आहे, बस चुकली असेल, निरोप आलाय, काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. आमच्या धंद्यात असं सांगायची रीतच आहे. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, “नाही आला.”

त्यांनी पापण्या मिटल्या. काही वेळानं अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “दुखायलंय.”

त्या आवाजात सिस्टर नव्हत्याच.

“हो,” मी म्हटलं. “दुखणार. उद्या थोडं कमी होईल.”

दुसऱ्या दिवशी कमी झालं नाही, उलट वाढलं. कण्हणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण दुपारी त्यांनी स्वतःहून आयाला खाली पाठवलं, इंजेक्शन मिळेल का विचारायला. मी नेमकी खाली होते. इंजेक्शन भरलं, ट्रेमध्ये ठेवून वर निघाले. खोलीच्या दाराशी पोचले आणि थांबले.

मिलिंद आला होता. पंचविशीचा, सिस्टरांसारखाच उंच, प्रवासानं शर्ट चुरगळलेला. स्टुलावर जरा पुढे सरकून, मांडीवर बॅग तशीच ठेवून बसला होता. आईकडे बघत नव्हता, सलाईनच्या बाटलीकडे बघत होता. सिस्टरांच्या कपाळावर घाम होता आणि चादरीखाली त्यांनी एका हातानं खाटेची कड घट्ट धरलेली मला दारातून दिसत होती.

“आई,” तो म्हणाला, “खूप दुखतंय का?”

“छे रे,” सिस्टर म्हणाल्या. “काहीच नाही दुखत.”

मग त्यांची नजर दाराकडे आली. माझ्यावर, ट्रेवर, ट्रेमधल्या भरलेल्या सिरिंजवर. त्यांनी काही खूण केली नाही, नुसतं बघितलं, आणि मला कळलं. मी आल्या पावली मागे फिरले आणि तो निघेपर्यंत ट्रे मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसून राहिले.